पैसे भरलेली नोंद कोणत्या कॅटेगरीत लावायची? गावची ऑनलाइन डिरेक्टरी चालवणाऱ्या नव्या मंडळींसाठी

मिरजेतल्या एका लॉजच्या मालकांनी आमच्या डिरेक्टरीत वर्षाचे पैसे भरले आणि 'हॉटेल' ही कॅटेगरी मागितली. मी लगेच दिली. मिरजेत दवाखान्यांसाठी लांबलांबून माणसं येतात. पेशंट आत आणि नातेवाईक रात्री दहा वाजता खोली शोधत बाहेर, हे इथलं रोजचं चित्र. ही माणसं 'लॉज' शोधतात. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा, भजी, मिसळ. त्यामुळे लॉजच्या काउंटरवर सकाळी आठला "मिसळ पार्सल मिळेल का?" असे फोन यायला लागले, आणि ज्यांना खोली हवी होती त्यांना हा लॉज दिसलाच नाही. दोन महिन्यांनी मालक येऊन म्हणाले, "दादा, पैसे आम्ही कशाचे भरले?" मी नोंद 'लॉज' मध्ये हलवली आणि त्यांना दोन महिन्यांची मुदत वाढवून दिली.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो आणि हा सगळा लेख त्यावरच उभा आहे. कॅटेगरी शोधणाऱ्या माणसाची असते. पैसे भरणारा त्या कॅटेगरीच्या आतली ठळक जागा घेतो. कॅटेगरी विकायला काढली की डिरेक्टरीवर कुणाचा भरवसा राहत नाही, आणि मग पैसे भरणाऱ्यालाही गिऱ्हाईक मिळत नाही.

तुम्ही तालुक्याची, शहराची किंवा एखाद्या धंद्यापुरती डिरेक्टरी सुरू करत असाल, किंवा अशा ठिकाणी नोंदी चढवायच्या कामावर नुकते लागला असाल, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने करा.

आधी हाताशी काय ठेवायचं

तुमच्याकडे:
- कॅटेगरींची छापील यादी. प्रत्येकीखाली दोन ओळी: इथे कोण येतं, कोण येत नाही.
- दरपत्रक.
- एक गूगल शीट. रकाने असे: नोंद क्रमांक, मागितलेली कॅटेगरी, दिलेली कॅटेगरी, कारण, कुणी ठरवलं, तारीख, मुदत कधी संपते.

जाहिरातदाराकडून:
- शॉप अ‍ॅक्टचा दाखला, म्हणजे आपण ज्याला गुमास्ता म्हणतो तो.
- उद्यम प्रमाणपत्र, असेल तर. धंदा उत्पादनाचा, सेवेचा की व्यापाराचा, हे त्यावर लिहिलेलं असतं. कॅटेगरी ठरवताना हा कागद फार उपयोगी पडतो.
- जीएसटी प्रमाणपत्र, असेल तर. कायदेशीर नाव आणि दुकानाचं नाव वेगळं असू शकतं. नोंद पाटीवरच्या नावाने करा, पावती कायदेशीर नावाने.
- ज्या धंद्याला वेगळा परवाना लागतो त्याचा परवाना.
- दुकानाच्या पाटीचा आणि बिलबुकाच्या कोऱ्या पानाचा फोटो.

या शेवटच्या फोटोंचा आग्रह धरा. माणूस फोनवर "आम्ही सगळंच करतो" म्हणतो, पण बिलबुकाच्या डोक्यावर त्याने धंद्याचं नेमकं नाव छापून घेतलेलं असतं.

१. कॅटेगरींची यादी लोकांच्या तोंडच्या शब्दांत बांधा

परदेशी सॉफ्टवेअरमध्ये तयार आलेली यादी जशीच्या तशी मराठीत उतरवू नका. आपल्याकडे 'मेडिकल' म्हणजे औषधाचं दुकान. 'ट्रॅव्हल्स' म्हटलं की कुणाला पुण्याच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट हवं असतं, कुणाला लग्नाला गाडी भाड्याने हवी असते, कुणाला अष्टविनायकाची सहल हवी असते. या तीन वेगळ्या कॅटेगरी आहेत. 'मंगल कार्यालय' आणि 'लॉन्स' यांत लोक फरक करतात. 'सराफ', 'सोनार' आणि 'ज्वेलर्स' यांत शोधताना करत नाहीत. अशा ठिकाणी कॅटेगरी एकच ठेवा आणि बाकीचे शब्द शोधशब्द म्हणून जोडा.

दोन पातळ्या पुरेत: मुख्य विभाग आणि त्याखाली कॅटेगरी. तिसरी पातळी केली की मोबाइलवर माणूस मध्येच सोडून जातो. आणि पाच नोंदी मिळाल्याशिवाय नवी कॅटेगरी उघडू नका.

इथला सापळा: एखादा जाहिरातदार म्हणतो, "माझ्यासाठी वेगळी कॅटेगरी काढा, जास्त देतो." काढू नका. एका नोंदीची कॅटेगरी म्हणजे रिकामं पान. तिथे कुणी येत नाही आणि वर्षाच्या शेवटी तोच माणूस "एकही फोन आला नाही" म्हणून तुमच्या दारात उभा राहतो.

२. पैसे कशाचे, हे पावतीवर लिहा

याहूची डिरेक्टरी १९९४ साली सुरू झाली आणि २०१४ च्या शेवटी बंद झाली. व्यावसायिक संकेतस्थळांकडून ते वर्षाला २९९ डॉलर घेत. पण ती रक्कम तपासणीची होती. संकेतस्थळ घ्यायचं की नाही आणि कोणत्या विभागात ठेवायचं, हे संपादक ठरवत. १९९८ ते २०१७ चाललेली डीमॉझ ही डिरेक्टरी तर स्वयंसेवक संपादकांवरच चालली. तिथे पैशाचा प्रश्नच नव्हता. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती: अर्जदार कॅटेगरी सुचवू शकत होता, ठरवत होता संपादक. आपण छोटे असलो तरी हीच रीत धरावी.

आमच्या पावतीच्या खाली हा मजकूर छापलेला असतो. हवा असेल तर तसाच घ्या:

"ही रक्कम निवडलेल्या मुदतीसाठी कॅटेगरीतील ठळक जागेची आहे. कॅटेगरी संपादक ठरवतील. ठरलेली कॅटेगरी मान्य नसेल तर नोंद प्रसिद्ध होण्याआधी पूर्ण रक्कम परत मिळेल."

दरपत्रकात विकता येतात अशा गोष्टी: कॅटेगरीच्या वरच्या पट्ट्यातली जागा, जादा फोटो, दुसरा फोन नंबर, संकेतस्थळाचा दुवा, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. न विकायच्या गोष्टी: कॅटेगरी, तारे, शेरे आणि शेजारच्या दुकानाची नोंद खाली ढकलणं. शेवटची मागणी खरंच येते, बहुतेक वेळा अगदी जवळच्या दुकानदाराकडून येते, आणि तिला पहिल्याच दिवशी स्पष्ट नाही म्हणावं लागतं.

जीएसटीचंही बघून ठेवा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी लागते आणि अशा जाहिरात सेवेवर १८ टक्के कर धरावा लागतो. दर सांगताना "करासह" की "अधिक कर" हे आधीच बोला.

३. अर्ज घेताना एकच प्रश्न नीट विचारा

"तुमचा धंदा काय?" याला लांबलचक उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: "शेवटची दहा गिऱ्हाइकं आली, त्यांनी काय मागितलं?" हे उत्तर लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत.

सांगलीच्या हळदीचं उदाहरण घ्या. 'हळद व्यापारी' असं पाटीवर लिहिलेली दुकानं इथे भरपूर. पण डिरेक्टरीत 'हळद' टाइप करणारे तीन जण वेगळे असतात. शेतकऱ्याला माल सौद्याला लावायला अडत हवी असते. मसालेवाल्याला शेकडो किलो हळकुंड हवं असतं. घरातल्या बाईंना वर्षाची दोन किलो पावडर हवी असते. एका दुकानाला या तिघांत ठेवलं तर तिन्हीकडून चुकीचे फोन येतील. दहा गिऱ्हाइकांत आठ शेतकरी असतील तर त्यांची जागा 'हळद अडत'. मालकांना तिन्हीकडे दिसायचं असतं हे मला कळतं. तरी एकच मुख्य कॅटेगरी द्या, आणि फार तर एक दुय्यम.

४. कॅटेगरी ठरवा, आणि शंका असेल तर दुकानात जाऊन या

बहुतेक नोंदींचा निकाल दोन मिनिटांत लागतो. पाटी, बिलबुक आणि दहा गिऱ्हाइकं जुळली की चढवा. जुळत नाहीत तिथे बसल्या जागेवरून ठरवू नका.

एक प्रसंग सांगतो. मिरजेतल्या एका तंतुवाद्य कारागिरांना 'संगीत क्लास' मध्ये सशुल्क नोंद हवी होती. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: क्लासच्या पानावर पालक येतात, पालकांना वाद्य घ्यायचं असतं. मी त्यांच्या दुकानात गेलो. आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले, भिंतीला तारा न चढवलेले दोन तंबोरे, आणि ते स्वतः खाली बसून एका सतारीच्या घोडीवर कानस फिरवत होते. दोन वेळा घासायचं, तार छेडायची, कान खाली नेऊन ऐकायचं, पुन्हा घासायचं. जवारी काढणं, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवणं, चाललं होतं. ती सतार पुण्याहून आली होती, खोक्यात, भोवती जुनी चादर गुंडाळून.

मी दहा गिऱ्हाइकं विचारली. त्यांनी बोटं मोजत सांगितलं: सात जण जवारी, तारा किंवा तडकलेला भोपळा घेऊन आलेले, दोघांनी नवीन तंबोरा सांगितलेला, एक नुसतं बघायला आलेला. शिकायला कुणीच नाही.

मुख्य कॅटेगरी झाली 'वाद्य दुरुस्ती', दुय्यम 'तंतुवाद्य निर्मिती', आणि शोधशब्दांत घातलं: जवारी, तारा बदलणे, भोपळा दुरुस्ती, तंबोरा, तानपुरा, सतार. 'संगीत क्लास' च्या पानावर आम्ही त्यांना यादीबाहेरची एक पट्टी दिली, वर 'जाहिरात' असा शिक्का मारून. पालकांना ती दिसते, आणि क्लास शोधणाऱ्याला यादीत फक्त क्लासच मिळतात. जाहिरातदाराला दुसऱ्या कॅटेगरीतली माणसं हवी असतील तर अशी वेगळी, शिक्का मारलेली पट्टी हा सरळ मार्ग आहे. हे लक्षात ठेवा, बरेच वाद यानेच मिटतात.

मिरजेच्याच वाद्यांबाबत आणखी एक खबरदारी. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला ते आधीपासून आहे. असं नाव कॅटेगरीत किंवा नोंदीच्या शीर्षकात वापरायचं असेल तर माल कुठे बनतो ते विचारा आणि मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्याची नोंदणी आहे का ते बघा. बाहेरून आणलेलं वाद्य 'मिरज तानपुरा' म्हणून वरच्या जागेवर झळकलं तर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या घरांवर अन्याय होतो.

५. परवान्याच्या कॅटेगरी वेगळ्या काढून ठेवा

या पायरीत घाई करू नका. इथली चूक नुसती गैरसोय करत नाही, कायद्यात अडकवते.

*वकील.* बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलांना जाहिरात करून काम मिळवता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढी माहिती देण्याची मुभा आहे. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मंचांवरून होणाऱ्या वकिलांच्या जाहिरातींवर कारवाई करायला बार कौन्सिलला सांगितलं. त्यामुळे 'वकील' कॅटेगरीत सशुल्क जागा ठेवूच नका.

*डॉक्टर.* वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणं मना आहे. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, अशी साधी सूचना चालते. आम्ही डॉक्टरांची नोंद मोफत आणि सर्वांची सारखी ठेवतो: नाव, पदवी, पत्ता, वेळ. वरची जागा कुणालाच नाही.

*सोनोग्राफी केंद्रं.* केंद्राचा नोंदणी क्रमांक बघितल्याशिवाय नोंद नाही. मजकुराचा शब्द न्‌ शब्द वाचा. गर्भलिंग निदानाकडे बोट दाखवणारी कुठलीही जाहिरात गुन्हा आहे, इंटरनेटवरची सुद्धा.

*फ्लॅट, प्लॉट, बांधकाम प्रकल्प.* नोंदणी लागू असलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) क्रमांक लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. एजंटांनाही महारेराची नोंदणी लागते. क्रमांक आला की महारेराच्या संकेतस्थळावर तो टाकून बघा; एक आकडा इकडचा तिकडे झाला तर प्रकल्प दुसराच निघतो.

*खाद्यपदार्थ, केटरिंग, घरगुती डबे.* एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक.

*सुरक्षा रक्षक पुरवणाऱ्या एजन्सी.* २००५ च्या कायद्याखालचा परवाना.

*औषधं, उपचार.* मधुमेह, लठ्ठपणा, वंध्यत्व "हमखास बरं करतो" असा मजकूर आला तर थांबा. १९५४ च्या जादुई उपचार जाहिरात कायद्यात ठरावीक आजारांच्या अशा जाहिरातींना बंदी आहे. असा अर्जदार बऱ्याचदा 'योग' किंवा 'आरोग्य सल्ला' मागतो, कारण तिथे कुणी परवाना विचारत नाही. कॅटेगरी बदलली तरी दावा तोच राहतो.

६. नोंद चढवताना

एका धंद्याचं पान एकच. दोन कॅटेगरीत दाखवायचं तरी दोन्हीकडून दुवा त्याच पानावर जाऊ दे. दोन कॅटेगरीसाठी दोन पानं केली की फोन नंबर बदलताना एक पान हमखास विसरतं, आणि शोधयंत्रालाही एकाच मजकुराच्या दोन प्रती दिसतात.

पानाच्या पत्त्यात कॅटेगरीचं नाव शक्यतो घालू नका. उद्या कॅटेगरी बदलली तर पत्ता बदलतो आणि व्हिजिटिंग कार्डावर छापलेला क्यूआर कोड मोडतो. आधीच घातलं असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण लावा, तांत्रिक भाषेत ३०१ चं.

पैसे घेऊन दिलेल्या बाहेरच्या दुव्याला 'स्पॉन्सर्ड' अशी खूण कोडमध्ये लावा, म्हणजे हा दुवा पैशाचा आहे हे शोधयंत्राला कळतं. गूगलने ही खूण २०१९ मध्ये आणली. त्याआधी 'नोफॉलो' वापरत, तीही चालते. खूण न लावता दुवे विकणारी डिरेक्टरी शोधात मागे पडू शकते, आणि त्याची झळ फुकट नोंदी असलेल्या सगळ्या दुकानांना बसते.

आणि वाचणाऱ्याला दिसेल असा 'सशुल्क' किंवा 'जाहिरात' हा शब्द, नोंदीच्या नावाशेजारी, वाचता येईल एवढा. फिकट राखाडी बारीक अक्षरात लिहिलं तर ते न लिहिल्यासारखंच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या १३ प्रकारांत वेश बदललेली जाहिरात हा एक आहे.

७. कॅटेगरीच्या आतला क्रम

सशुल्क जागा एका कॅटेगरीत तीनच ठेवा. चौथा आला तर प्रतीक्षा यादी. तिघांचा क्रम रोज फिरता ठेवा, म्हणजे पहिला कोण यावरून भांडण नाही.

खालच्या साध्या नोंदी अकारविल्हे लावाल तर मराठीत एक अडचण येते. निम्मी दुकानं 'श्री' ने सुरू होतात, काही 'न्यू' ने. 'श्री गणेश', 'श्री समर्थ', 'श्री दत्त' सगळे एका ढिगात बसतात आणि 'गणेश ट्रेडर्स' मात्र वर राहतं. क्रम लावताना 'श्री', 'न्यू', 'मे.' हे शब्द सोडून पुढच्या अक्षरावर लावा. नाव पूर्ण दिसू दे, फक्त क्रमासाठी वेगळा रकाना ठेवा. वर यायला म्हणून 'अ अ गॅरेज' असं नाव घेऊन कुणी आलं तर पाटीचा फोटो मागा. पाटीवर असेल तेच नाव.

८. "माझी कॅटेगरी बदला"

जाहिरातदाराचा फोन आला की आधी शीटमधलं कारण वाचा, मगच बोला. धंदा खरंच बदलला असेल, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात आता लग्नपत्रिका जास्त छापल्या जातात, तर लगेच बदला आणि पैसे घेऊ नका. नुसतं "त्या पानावर गर्दी जास्त आहे" हे कारण असेल तर पायरी ४ मधली पट्टी सुचवा.

तक्रार शेजारच्या दुकानाकडूनही येते: "ते अधिकृत सर्व्हिस सेंटर नाहीत, साधं गॅरेज आहे." अशी तक्रार लेखी घ्या, तक्रारदाराचं नाव समोरच्याला सांगू नका, आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा. आठ दिवसांत आलं नाही तर नोंद 'गॅरेज' मध्ये हलवा. सशुल्क जागा तिथेही तशीच चालू ठेवा. त्याने पैसे भरलेत ते ठळक जागेचे.

९. मुदत संपताना

पंधरा दिवस आधी एक मेसेज, तीन दिवस आधी एक फोन. आपोआप पैसे कापून घेणारी व्यवस्था लावली असेल तर बंद करण्याचं बटण सुरू करण्याच्या बटणाइतकंच सहज सापडलं पाहिजे.

पैसे थांबले म्हणून नोंद काढू नका आणि कॅटेगरीही बदलू नका. फक्त 'सशुल्क' शिक्का, जादा फोटो आणि वरची जागा काढा. नोंद आपल्या अक्षराच्या जागी खाली जाईल. रिकाम्या झालेल्या जागेसाठी प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला त्याच दिवशी फोन करा, आणि त्याचे कागद पुन्हा बघा. यादीत थांबलेल्या सहा महिन्यांत परवान्याची तारीख उलटून गेलेली असू शकते.